जुन्या वाद्यांचे मोल

आपल्या मंडळाच्या भजनवर्गाची पेटी बहुतेक भगिनींच्या परिचयाची आहे. गेल्या श्रावणात एका सोमवारी भजन आटोपत आले असताना जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक गृहस्थ चौकशी करीत आले. त्यांनी परवानगी मागून पेटीचे झाकण काढले, आतले सूर निरखून पाहिले, ते पॅरिसचे असल्याची खात्री करून घेतली आणि चांगल्या नव्या पेटीच्या तिप्पट रक्कम जागच्या जागी देऊ केली. झाले! त्या दिवसापासून मंडळात दोन तट पडले आहेत. "असे सूर आता औषधालाही मिळायचे नाहीत. जुन्या वाद्याचा गोडवा नव्याला कुठून येणार?" असे एका बाजूचे म्हणणे. "भाता दमला आहे, खालच्या सप्तकातले दोन सूर मुके झाले आहेत, वर्गातल्या सात मुली एका पेटीवर आळीपाळीने बसतात. विका ती आणि नव्या घ्या," असे दुसऱ्या बाजूचे. कार्यकारिणीने प्रश्न वार्षिक सभेवर सोपवला, आणि मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे, "जुन्या वाद्यांना एवढी किंमत का येते आणि ती रास्त असते का, हे जरा वाचून स्मरणिकेत लिहा," असा हुकूम मला झाला.

वाचायला बसले तेव्हा ध्यानात आले की जुनेपणासाठी जगात सर्वांत जास्त पैसा मोजला जातो तो व्हायोलिनला. आणि त्यातही एका गावच्या एका कारागिराच्या व्हायोलिनांना. तेव्हा आधी त्याचीच हकीकत सांगते. आपली पेटी शेवटी येईल.

उत्तर इटलीत पो नदीच्या काठी क्रेमोना नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती नावाच्या कारागिराने तेथे व्हायोलिने घडवण्यास प्रारंभ केला आणि ती विद्या त्याच्या घरातच मुलानातवंडांकडे चालत राहिली. १६३० च्या सुमारास त्या मुलखात प्लेगने थैमान घातले. आमाती घराण्यातला निकोलो तेवढा धंदा पुढे चालवायला उरला. घरचे हात अपुरे पडू लागले तेव्हा त्याने बाहेरची मुले शिकण्यासाठी ठेवून घेतली. आपल्याकडील गवयांच्या घराण्यांत घरची चीज बाहेर जाऊ नये म्हणून केवढी खबरदारी घेत, ते आपण ऐकले आहे. क्रेमोनात ती चीज प्लेगने बाहेर काढली असे म्हणावयास हरकत नाही. आंतोनिओ स्ट्राडिव्हारी हा याच निकोलोच्या तालमीतला मानला जातो. तो १७३७ साली वारला तेव्हा नव्वदी ओलांडून गेला होता आणि शेवटपर्यंत त्याचे हत्यार थांबले नव्हते. त्याने आयुष्यात हजारावर वाद्ये घडवली असावीत असा जाणत्यांचा अंदाज आहे. त्यांपैकी साडेसहाशेच्या आसपास आज अस्तित्वात आहेत.

आता कोणालाही वाटेल की त्या दिवसापासून स्ट्राडिव्हारीचे नाव सर्वांच्या वर असणार. तसे मुळीच नव्हते. अठराव्या शतकात युरोपातील रसिक सर्वांत जास्त पैसे मोजत ते याकोब श्टायनर या टायरॉलमधल्या कारागिराच्या व्हायोलिनांना, आणि आमातींच्या वाद्यांना. श्टायनरची व्हायोलिने पोटापाठीला फुगीर, आवाजाने गोड आणि मऊ. राजवाड्यातल्या लहान दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसांपुढे वाजवायला ती उत्तम. पण पुढे मैफिली दिवाणखान्यातून निघून तिकीट लावून भरणाऱ्या मोठ्या सभागृहांत गेल्या. १७८२ साली व्हिओत्ती नावाच्या इटालियन वादकाने पॅरिसमध्ये आपल्या वादनाने लोकांना वेड लावले, त्याच्या हातात स्ट्राडिव्हारी होते, आणि ते चपट्या बांधणीचे वाद्य मोठ्या जागेत दूरवर ऐकू जाते हे लोकांच्या ध्यानात आले. पारडे फिरले. श्टायनर खाली आला, स्ट्राडिव्हारी वर गेला. दोघेही कारागीर तेव्हा केव्हाच मातीआड झाले होते आणि त्यांच्या वाद्यांतली एक खुंटीसुद्धा बदलली नव्हती. बदलली होती ती ऐकणारांची गरज.

मात्र खुंटी बदलली नव्हती हे तेवढ्यापुरतेच खरे. मोठ्या सभागृहात आवाज अधिक खणखणीत यावा म्हणून पुढच्या काळात जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांची शस्त्रक्रिया झाली. मान काढून लांब व तिरकी बसवली, पोटाच्या आतली आधाराची पट्टी काढून जाड घातली, घोडी उंच केली. तारा आतड्याच्या होत्या, त्या कालांतराने धातूच्या झाल्या. आज ज्या आवाजावर लोक डोलतात तो खुद्द स्ट्राडिव्हारीने कधी ऐकलेलाच नव्हता. जुन्या वाड्याला नवी तुळई, नवा जिना आणि विजेचे दिवे लावावेत आणि मग पेशवाईतला वाडा म्हणून दाखवावा, त्यातला हा प्रकार. खोटे नाही, पण पुरते खरेही नाही.

किंमत चढायला आणखी एक माणूस लागतो, तो म्हणजे व्यापारी. लुइजी तारिसियो हा मूळचा सुतार, थोडेसे व्हायोलिनही वाजवी. इटलीतल्या खेड्यापाड्यांतून तो पायी हिंडे आणि शेतकऱ्यांच्या घरी, मठांत पडलेली जुनी वाद्ये नव्या चकचकीत वाद्यांच्या बदल्यात घेई. जुन्या जरीच्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीची आठवण मला झाल्यावाचून राहिली नाही. १८२७ साली तो पॅरिसला गेला आणि तेथील व्यापाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. १८५४ मध्ये तो मेला, तेव्हा त्याच्याजवळ शंभरावर वाद्ये निघाली. पॅरिसचा प्रसिद्ध कारागीर आणि व्यापारी व्हुईयोम याने बातमी कळताच इटली गाठली आणि सगळा साठा वारसांकडून एकगठ्ठा उचलला. त्यातच 'मसीहा' म्हणून ओळखले जाणारे १७१६ चे व्हायोलिन होते. तारिसियो त्याच्या गोष्टी वर्षानुवर्षे सांगे, पण ते कधी आणून दाखवीत नसे. येणार येणार म्हणतात आणि येत मात्र नाही, म्हणून थट्टेने त्याला ते नाव पडले. आज ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे, आणि ते कोणी वाजवीत नाही. सर्वांत टवटवीत, नव्यासारखे दिसणारे स्ट्राडिव्हारी तेच. न वाजवल्यामुळे टवटवीत राहिले, आणि टवटवीत राहिले म्हणून आता वाजवायचे नाही! आपल्या फडताळातल्या नव्या डिनरसेटची गत याहून निराळी नाही.

याच व्हुईयोमच्या हातून गेलेले दुसरे एक व्हायोलिन १७२१ चे. त्याला 'लेडी ब्लंट' म्हणतात. ॲन ब्लंट ही कवी बायरनची नात. अरबस्तानच्या वाळवंटातून प्रवास केलेली, अरबी घोड्यांची पारखी, मोठी धाडसी बाई. तिच्याकडे ते व्हायोलिन सुमारे तीस वर्षे होते म्हणून त्याला तिचे नाव. हेही फारसे न वाजलेले. १९७१ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव ८४,००० पौंडांना झाला, तेव्हा तो विक्रम ठरला. जून २०११ मध्ये तेच पुन्हा लिलावात आले आणि ९८ लाख पौंडांना गेले. तेव्हाच्या भावाने आपले सत्तर कोटी रुपये! लिलाव करणाऱ्या संस्थेचे नाव पाहा: तारिसियो. चाळीस वर्षांत किंमत शंभर पटींच्या वर गेली. आवाज शंभर पट गोड झाला असे कोणीही म्हणणार नाही.

म्हणजे किंमत आवाजाची नाही, हे येथेच दिसते. पण मला तेवढ्यावर समाधान नव्हते. आवाज निदान नव्यापेक्षा चांगला तरी असेल ना? हा प्रश्न काही मंडळींनी चक्क परीक्षा घेऊन सोडवायचा प्रयत्न केला आहे. १९७७ साली बी.बी.सी. रेडिओवर आयझॅक स्टर्न आणि पिंकस झुकरमन हे दोन नामवंत वादक आणि लंडनचे एक जाणते व्हायोलिन-व्यापारी यांना पडद्याआडून चार वाद्ये ऐकवली. एक स्ट्राडिव्हारी, एक ग्वारनेरी, एक व्हुईयोमचे आणि एक अवघे वर्षभरापूर्वीचे. चारांपैकी दोनांहून अधिक कोणालाच ओळखता आली नाहीत, आणि दोघांनी नव्यालाच स्ट्राडिव्हारी ठरवले.

अलीकडे क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधिकेने हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ वादकांना तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली. खोलीत अंधूक प्रकाश, डोळ्यांवर वेल्डिंग करणारे लावतात तसले काळे चष्मे, आणि जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंब! यांतले कोणते घरी न्याल, असे विचारल्यावर २१ पैकी आठ जणांनीच जुने निवडले. सर्वांत नावडते ठरले ते एक स्ट्राडिव्हारी. लोक म्हणाले, हॉटेलच्या खोलीत काय कळणार? म्हणून २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांना सभागृहासकट अधिक वेळ दिला. दहांतल्या सहांनी नवे व्हायोलिन पसंत केले, आणि जुने कोणते, नवे कोणते हे सांगताना त्यांचे अंदाज छापाकाट्याच्या पलीकडे गेले नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात ऐकणारांनाही नवीच अधिक आवडली आणि तीच अधिक लांब पोचतात असे आढळले.

यावर जुन्याच्या पक्षाचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, असे वाद्य घटकाभरात हाती लागत नाही. त्याच्याशी महिनोन्‌महिने राहावे लागते, मग ते असे काही रंग दाखवते की जे नव्यात मिळत नाहीत. सासरी आलेल्या मुलीची पारख पहिल्या दिवशीच्या पोह्यांवरून करू नये, हे आपल्याला पटतेच. पण मग नव्या वाद्यालाही तेवढीच मुदत द्यायला हवी, आणि ती सहसा कोणी देत नाही.

जुन्या लाकडात काही गुपित असेल म्हणून शास्त्रज्ञ कित्येक वर्षे शोध घेत आहेत. स्ट्राडिव्हारीच्या हयातीत युरोपात थंडी फार होती, झाडे हळू वाढली, लाकूड घट्ट झाले, असे एक मत २००३ साली मांडले गेले. त्याच काळातल्या इतर कारागिरांनाही तसलेच लाकूड मिळत होते, हे मात्र ते मत मांडणारांना अडचणीचे आहे. रोगणात रहस्य असेल म्हणून पॅरिसच्या संगीतसंग्रहालयातील पाच वाद्यांच्या रोगणाची तपासणी झाली. २००९ मध्ये तिचा निकाल आला: तेल, पाइनची राळ आणि चित्रकार वापरीत तसले साधे रंग. लाकडावर काही क्षार चोळले असावेत, असेही काही संशोधक म्हणतात, आणि तो वाद अजून चालू आहे.

मला या सगळ्यापेक्षा एका चोरीच्या हकीकतीने अधिक शिकवले. ब्रोनिस्लाव हुबरमन या थोर वादकाचे १७१३ चे स्ट्राडिव्हारी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम चालू असताना त्याच्या खोलीतून चोरीस गेले. तो रंगमंचावर आपले दुसरे व्हायोलिन वाजवीत होता. चोरीचा माल पोचला ज्यूलियन ऑल्टमन नावाच्या एका सामान्य वादकाकडे. त्याने त्यावर बुटाचे पॉलिश चोपडले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे उपाहारगृहांतून, लग्नसमारंभांतून तेच वाजवले. पन्नास वर्षे हजारो लोक जेवता जेवता स्ट्राडिव्हारी ऐकत होते आणि एकाचाही घास थांबला नाही! १९८५ साली मरणाच्या दारात त्याने बायकोला खरे काय ते सांगितले. २००१ मध्ये तेच वाद्य जोशुआ बेल या वादकाने सुमारे ४० लाख डॉलरांना घेतले. जानेवारी २००७ मध्ये एका वृत्तपत्राच्या सांगण्यावरून तो साध्या कपड्यांत वॉशिंग्टनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभा राहिला आणि ४३ मिनिटे वाजवीत राहिला. हजारावर माणसे पुढून गेली, सात थांबली. ओळखणाऱ्या एका बाईंचे वीस डॉलर सोडले तर पेटीत बत्तीस डॉलर पडले. (सकाळी ऑफिसच्या घाईत आपणही थांबलो नसतो, हे कबूल करते.) बुटाच्या पॉलिशाखाली वाद्य तेच होते, किंमत तेवढी पुसली गेली होती.

म्हणून माझा निष्कर्ष असा झाला की ही किंमत नावाची, दुर्मिळपणाची आणि वंशावळीची आहे. साडेसहाशेचे सातशे होणे नाही, मागणारे मात्र वाढतच आहेत. चित्राला, नाण्याला, हिऱ्याला अशी किंमत येते त्यात गैर काही नाही. गैर होते ते येथे, की नाणे तिजोरीत ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही, व्हायोलिन मात्र वाजवण्यासाठी असते. वादकाला ते घेणे कधीचेच परवडत नाही. दुष्काळनिधीसाठी १९५२ साली भारतात येऊन ज्यांनी मुंबईतही कार्यक्रम केले ते येहुदी मेनुहिन, त्यांना बाराव्या वर्षी, १९२९ मध्ये, पहिले स्ट्राडिव्हारी मिळाले ते एका धनाढ्य गृहस्थाने साठ हजार डॉलर मोजून दिले म्हणून. आज साठ हजारांत त्याची मानही येणार नाही. पुष्कळ तरुण वादक संस्थांच्या आणि धनिकांच्या मेहेरबानीने उसनी वाद्ये वाजवतात, आणि मुदत संपली की हाताला सवय झालेले वाद्य परत करतात.

पण ज्यांना विकायचे होते त्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. 'लेडी ब्लंट' विकले ते एका जपानी संगीतसंस्थेने, आणि सगळे पैसे दिले मार्च २०११ च्या भूकंप व सुनामीतील पीडितांना. १७१४ चे 'जोआखिम-मा' नावाचे व्हायोलिन बॉस्टनच्या एका संगीतविद्यालयाला देणगीदाखल मिळाले होते. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये एक कोटी साडेबारा लाख डॉलरांना विकले गेले, आणि त्या पैशांतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याचे ठरले.

आता घराकडे वळू. आपल्याकडे जुनेपणाचा मान सर्वांत जास्त तंबोऱ्याला. मिरजेच्या शिकलगारांच्या घरांतून, जी मूळची शस्त्रे घडवणारांची, एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे बनत आले आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाळलेला भोपळा आणि मुरलेले लाकूड यांनी आवाज सुधारतो असे गवई सांगतात, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण तंबोऱ्याचा प्राण जवारीत, आणि जवारी घासून झिजते. ती पुन्हा लावणारा हात नसेल तर साठ वर्षांचा भोपळा भिंतीला टेकून नुसता बसतो. म्हणजे जुन्या तंबोऱ्याचे मोलसुद्धा आजच्या कारागिरावर अवलंबून.

पेटीचे तर त्याहून उलट आहे. तिचा आवाज लाकडाचा थोडा आणि पितळेच्या सुरांचा फार. पितळ मुरत नाही. सूर लावायचा म्हणजे पट्टी कानशीने खरवडायची. टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, आणि दर खेपेस थोडे पितळ जातेच. शंभर वर्षांचा सूर म्हणजे शंभर वर्षे खरवडलेला सूर. पॅरिसचे जुने सूर घडणीने उत्तम होते, आवाजाने गोल होते, हे पेटी करणारे कारागीर आजही मान्य करतात. पण ती थोरवी कारागिरीची आहे, वयाची नाही. आणि ज्या पेटीला मार्च १९४० पासून १९७१ पर्यंत सरकारी रेडिओवर बंदी होती, परदेशी म्हणून, आपल्या श्रुती तिच्यात नाहीत म्हणून, तिच्याच जुन्या नमुन्यासाठी लोक आता घरी येऊन तिप्पट पैसे देऊ करतात. श्टायनर आणि स्ट्राडिव्हारीची गोष्ट आपल्या चौरंगावर घडली आहे!

आपली पेटी मी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला दाखवली. त्यांनी अर्धा तास पाहून सांगितले, "बाई, सूर पॅरिसचे खरे, पण पाच केव्हातरी बदललेत. भाता दोनदा नवा झालाय आणि पेटीची खालची फळी आपल्या सागाची आहे." व्यापारी गृहस्थांना हे ठाऊक असेल की नाही कोण जाणे. विकताना आपण त्यांना हे सांगितलेच पाहिजे, मग रक्कम तिपटीची दुप्पट झाली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबात येत नाही. मंडळाच्या जुन्या वहीत नोंद आहे की ही पेटी पहिल्या भगिनींनी दोन उन्हाळे पापड-कुरडया विकून घेतली. त्यांपैकी एक आजी अजून भजनाला येतात. मी त्यांनाच जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही ती मुलींना शिकायला म्हणून घेतली होती. आता त्यांना त्याच्यावर शिकता येत नसेल तर ठेवून काय करायचंय?" माझे मत विकण्याच्या बाजूने पडले ते या उत्तरानंतर. वर्गाला दोन नव्या पेट्या घ्याव्यात आणि वहीतले ते पान सभागृहात लावावे, असा ठराव मी मांडणार आहे.

विरुद्ध मताच्या भगिनींसाठी एक सोय केली आहे. कारागिरांनी सभेच्या दिवसापुरती एक नवी पेटी द्यायचे कबूल केले आहे, आणि आपल्या पेटीचे दोन मुके सूरही ते त्याआधी बोलते करून देणार आहेत. दोन्ही पेट्या पडद्याआड ठेवू. भजनवर्गातली एक मुलगी दोन्हींवर एकच अभंग वाजवील आणि कोणती आधी वाजली ते तिला आणि कारागिरांनाच ठाऊक असेल. कागद-पेन्सिली मी आणीन.